वॉरंटीचे अकरा दिवस

कागदावर लिहिलंय: शॉर्ट ब्लॉक बदलणे,
पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, सगळी गास्केटं.
ग्राहकाने देय रक्कम: शून्य.
त्या शून्याकडे मी इतका वेळ बघत बसले
की कॉफीवर साय धरली.

गाडी तशी चालते हो.
काराकेटहून शिपागन, शिपागनहून पूल ओलांडून लामेक,
गोठलेल्या उपसागराच्या कडेकडेनं
ती मला म्हाताऱ्यांच्या दारात नेऊन सोडते.
कुणाचं इन्सुलिन, कुणाचं ड्रेसिंग,
एर्मेनेजिल्दच्या पायाची न भरणारी जखम.
उणे सत्तावीसलाही पहिल्या चावीला उठते.
फक्त तेल पिते.
अठराशे किलोमीटरला एक लिटर.
गुपचूप. धूर नाही, डाग नाही.
घरातल्या एखाद्या शहाण्या माणसासारखी,
ज्याच्या बाटल्या बर्फ वितळल्यावर सापडतात.

डिकीत तेलाचा कॅन, पुढच्या कप्प्यात वही.
वहीत तारीख, आकडा,
कधी कधी नुसतंच: पुन्हा.

मॅनेजर म्हणाला, मादाम कोर्मिए,
अकरा दिवसांनी हेच काम नऊ हजार डॉलरचं.
भाऊ म्हणाला, फुकटचं ते पौष्टिक, विचार कसला करतेस?
शेजारच्या ऑनेझिमनं तीस वर्षं खेकड्यांच्या बोटींची इंजिनं केली,
तो मात्र मान हलवत राहिला.
कारखान्यात बसलेलं एकदा उघडलं
की पुन्हा तसं बसत नाही,
झाकली मूठ झाकलीच बरी, असं त्याचं म्हणणं.

मी नर्स आहे.
उघडून बरे झालेले पाहिलेत,
आणि नुसतेच उघडलेले.
संमतीपत्रावर बोट ठेवून "इथे सही करा" म्हणताना
माझा आवाज किती गोड होतो, तेही ठाऊक आहे.
मॅनेजरचा अगदी तसाच होता.

म्हणून काउंटर सोडून मागे गेले,
जिथे ग्राहकांना मनाई आहे.
लिफ्टखाली एक पोरगा. छातीवर नाव: झाकारी.
"इंजिन तूच उघडणार?"
"मीच."
"आजवर किती उघडलीस?"
त्यानं काहीतरी मोठा आकडा सांगायला तोंड उघडलं,
मग मिटलं.
"एक. शाळेत."
"तुझ्या आईची गाडी असती तर?"
"माझ्या आईच्या गाडीला वॉरंटीच नाही."

मला हसू आलं. त्याला नाही.
त्यानं फळीमागून एक पुठ्ठा काढला, फ्रीजच्या खोक्याचा.
त्यावर मार्करनं इंजिन काढलेलं, जरा वाकडं,
आणि जिथे जिथे बोल्ट, तिथे तिथे भोक.
"निघाला की इथं खोचायचा.
भोक भरलेलं राहिलं तर कळतं, एक राहिला.
शाळेत माझा राहिला होता."
कान लाल झाले त्याचे.
"मग?"
"मग सगळं परत उघडलं. रात्री.
मास्तरांना माहीत नव्हतं, इंजिन तर चालत होतं."

बाहेर मीठ पसरणारा ट्रक खडखडत गेला.

ठरवलं, असं अजूनही म्हणवत नाही.
पण सहीच्या वर एक रिकामी ओळ होती,
तिथे लिहिलं:
काम झाकारीनंच करावं. घाई करू नये.
मॅनेजर म्हणाला, तिथे असलं काही लिहीत नाहीत.
म्हटलं, आता लिहिलंय.

बदली गाडी दिलीय, पांढरी, नवी,
आत कसल्याशा लिंबाचा वास.
सवयीनं शनिवारी बॉनेट उचलते,
कांडी पुसते, बुडवते, उजेडाकडे धरते.
तेल वरच्या खुणेला, मधासारखं.
वहीत काय लिहायचं ते सुचत नाही.

कॅन मात्र याही डिकीत ठेवलाय.